वर्गवाचनालयाचं कपाट : कामाच्या नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

शाळा : सिंधुदुर्गातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. तिसरी-चौथी एका खोलीत, पट ३१. भिंती जांभ्याच्या, छप्पर कौलारू. हाताशी एक लोखंडी कपाट आणि दाखल नोंदवहीत ४१२ पुस्तकं. पैसे ११,५०० : समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी आलेले ५,००० आणि ग्रामस्थ व माजी विद्यार्थ्यांकडून जमलेले ६,५००.

कुलूपबंद पुस्तकांचं कपाट मुलांसाठी उघडण्याचं असंच काम हाती घेणाऱ्यांसाठी या नोंदी. चुका जशा झाल्या तशाच लिहिल्या आहेत.

१८ जून

नोंदवही आणि कपाट यांचा मेळ घातला. वहीत ४१२, प्रत्यक्षात २८७. कमी भरलेल्या १२५ पैकी बहुतेकांच्या नोंदी दहा वर्षांहून जुन्या आहेत. ती शोधत बसायचं नाही असं ठरलं, फक्त समोर पेन्सिलीने ‘मोजणीत नाही’ अशी खूण केली. शाईने काही लिहू नका. पुढे निर्लेखनाची (नोंदवहीतून कायमची वजा करायच्या पुस्तकांची) यादी करताना खाडाखोड अंगाशी येते.

मोजणीला दोन माणसांचे साडेतीन तास गेले. दाखल क्रमांक कुठे पहिल्या पानावर, कुठे मलपृष्ठावर, कुठे पुठ्ठ्याच्या आत. प्रत्येक पुस्तक तीनदा उघडावं लागलं.

कपाटाच्या तळाशी ‘किशोर’चे ३८ सुटे अंक सापडले, नोंदवहीत नसलेले. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं. यातले अंक मधल्या काळातले आहेत. कोडी कुणीतरी पेनने सोडवून ठेवली आहेत, पण गोष्टी शाबूत.

२२ जून, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर निवड. चार ढीग :

ठेवायची – ७४
दुरुस्तीची – ३१
दुसरीकडे द्यायची – ५४
निर्लेखनाची – १२८

दुसरीकडे द्यायच्या ढिगात शिक्षक हस्तपुस्तिका, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं आणि सहावी-सातवीच्या वरची जाड चरित्रं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या कपाटात ती का आली याचं उत्तर सोपं आहे : पुरवठा झाला, नोंद झाली, कुलूप लागलं.

निवडीची कसोटी शेवटी तीन प्रश्नांवर आली. पान उघडल्यावर अक्षर मुलाला वाचता येईल एवढं मोठं आहे का? चित्र आहे का, आणि ते चित्र आहे की काळा डाग? गेल्या पाच वर्षांत हे कुणी नेलं आहे का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर पुस्तक निर्लेखनात.

पहिल्या तासात हात आखडता होता. ‘राहू दे, कुणीतरी वाचेल’ म्हणत ७४ च्या जागी १४० ठेवली गेली. मग त्या १४० मधली वीस पुस्तकं बाकावर मांडली आणि शाळा सुटूनही रेंगाळलेल्या सात मुलांना हवं ते उचलायला सांगितलं. तीन पुस्तकं उचलली गेली. त्यानंतर ढीग पुन्हा लावला. मुलांच्या हातांना हे आधीच विचारलं असतं तर दीड तास वाचला असता.

२६ जून

बुरशी. ठेवायच्या ७४ पैकी ४० पुस्तकांवर पांढरी-करडी भुकटी, काहींच्या शिवणीत कसर (कागद खाणारी कीड). कपाट भिंतीला चिकटून होतं. जांभा पावसात पाणी पितो आणि आतल्या बाजूने घाम सोडतो. कपाटाची पाठ हाताला ओली लागली.

पहिली चूक : ओल्या फडक्याने पुसणं. भुकटी निघाली, पण ओल पुठ्ठ्यात शिरली आणि तिसऱ्या दिवशी डाग आधीपेक्षा मोठे झाले.

दुसरी चूक : दोन तास ऊन पडलं म्हणून पुस्तकं पडवीच्या कडेला थेट उन्हात मांडली. पातळ पुठ्ठे पन्हळीसारखे वळले. ११ पुस्तकं वजनाखाली आठवडाभर दाबून ठेवावी लागली, त्यातली दोन अजून वाकडीच आहेत.

जमलं ते असं : नाकाला फडकं बांधून, पडवीत वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, रंगाच्या दोन इंची कोरड्या ब्रशने झटकायचं, शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे. मग पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडायची आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवायची. वर्गात ब्रश चालवू नका, भुकटी बाकीच्या पुस्तकांवर बसते. मुलांना हे काम देऊ नका.

कपाट भिंतीपासून एक वीत पुढे ओढून चार विटांवर ठेवलं. डांबरगोळ्या काढून टाकल्या. कसर कमी होते हे खरं, पण वास पानांत मुरतो, आणि गोळी मुलं खडीसाखरेसारखी उचलतात.

३ जुलै

दुरुस्ती. ३१ पैकी २६ जमली, ५ निर्लेखनात गेली (तो आकडा आता १३३). वापरण्याजोगी जुनी पुस्तकं बरोबर १००.

सामान : बाइंडिंगचं कापड १२० रुपये, पांढरा फेव्हिकॉल अर्धा किलो १६०, जाड सुती दोरा आणि सुया ६०, ब्रश ४०. एकूण ३८०.

खळ वापरायची नाही. मैद्याची खळ स्वस्त आणि धरते चांगली, पण कसर आणि झुरळांना ती जेवणच. जुने बाइंडर म्हणूनच खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, आणि तिसरीतलं मूल पान उलटायला बोट जिभेला लावतं.

सेलोटेपही नको. जुन्या २० पुस्तकांवरचा टेप पिवळा पडून सुटला होता आणि खालचा चिकट थर शेजारच्या पुस्तकाला धरून होता. कण्याला कापडाची दोन इंची पट्टी लावायची. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ थर, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर विटा, रात्रभर. पहिल्या पाचांना प्लॅस्टिक ठेवायला विसरल्यामुळे दोन पुस्तकं एकमेकांना कायमची चिकटली. निर्लेखनात गेलेल्या पाचांतली ती दोन.

स्टेपलरच्या पिना काढल्या. कोकणात पिन दोन पावसाळ्यांत गंजते आणि भोवतीचा कागद जाळते. त्या जागी तीन भोकांची शिलाई : मधल्या घडीवर एक भोक मधोमध, दोन टोकांपासून दोन-दोन इंचांवर. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, लांब टाका घेऊन खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं ठेवून गाठ. एका पुस्तकाला सहा मिनिटं.

१० जुलै

निर्लेखनाचा प्रस्ताव दिला. एका आठवड्यात रद्दी निघेल असा अंदाज होता, तो साफ चुकला. यादी तीन प्रतींत, प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक, किंमत आणि कारण, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग केंद्रप्रमुखांमार्फत वर. ‘जीर्ण’ एवढंच कारण लिहिलेली पहिली यादी परत आली. दुसऱ्या यादीत ‘पाने २४ ते ३२ नाहीत’, ‘वाळवीने कणा खाल्ला’ असं एकेकाचं लिहिलं.

मंजुरी येईपर्यंत पुस्तकं वर्गाबाहेर खोक्यांत, खोक्यांवर क्रमांक. ती परत कपाटात ठेवण्याचा मोह आवरा. जुनी पुस्तकं पुढ्यात असली की नवी दिसत नाहीत.

(मंजुरी १९ सप्टेंबरला आली. म्हणजे दहा आठवडे.)

१६ जुलै

कोण किती वाचतं ते पाहिलं. मुलांना किती वाचता येतं ते पाहणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणातल्या पायऱ्या सोयीच्या आहेत : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एकेका मुलाला बाजूला घेऊन, प्रत्येकी चार-पाच मिनिटं.

गोष्ट वाचणारी १३, परिच्छेदापर्यंत ९, शब्दापर्यंत ६, अक्षरापर्यंत ३.

म्हणजे ३१ पैकी १८ मुलांना, कपाटात ठेवलेल्या शंभरातली साठेक पुस्तकं एकट्याने वाचता येणार नाहीत. हा आकडा खरेदीच्या आधी हातात हवा होता. तो आला, पण एका खरेदीनंतर. खाली पाहा.

२२ जुलै

जूनच्या शेवटी, घाईत, एका पुरवठादाराकडून ६० पुस्तिकांचा संच मागवला होता. १,८०० रुपये, म्हणजे नगाला ३०. स्वस्त वाटलं. आज आला.

मुखपृष्ठं चकचकीत. आत चित्रं संगणकावरून उचललेली, एकाच पुस्तकात एकच मुलगी तीन वेगळ्या चेहऱ्यांची. शेवटी चौकटीत तात्पर्य. भाषा अशी की कोल्हा ‘अत्यंत प्रसन्न होऊन उद्गारला’. नुसत्या डिंकावर चिकटवलेली पानं दुसऱ्यांदा उघडल्यावर सुटली. ६० पैकी १४ ठेवली, तीही शिवून. परत करता आली नाहीत, कारण पावतीवर तशी अट होती आणि ती वाचली नव्हती.

संच घेऊ नये असं नाही. पण एक तरी पुस्तक हातात घेऊन, मधलं पान १८० अंशांत उघडून, मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय घेऊ नये. ऐकताना कान अडखळला तर मूलही अडखळतं.

३० जुलै

निवडून केलेली पहिली खरेदी. ४१ पुस्तकं, २,८७० रुपये, सरासरी ७०.

यादी करण्याआधी मुलांना ‘कुठलं पुस्तक हवं’ असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी ‘गोष्टीचं’ म्हटलं. प्रश्न वाया गेला. मग ‘कशाबद्दल?’ विचारलं आणि फळा भरला : भुतं, साप, जेसीबी, क्रिकेट, बिबट्या, विनोद, मासे कसे पकडतात, रॉकेट, कुत्रा हरवतो ती गोष्ट. याच विषयांवरून यादी झाली.

कुठून घेतली : ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, प्रथम बुक्सची पातळ पुस्तकं, तूलिकाची काही द्विभाषिक. प्रथमच्या पुस्तकांवर वाचनपातळी १ ते ४ छापलेली असते, त्यामुळे शब्दापर्यंत पोचलेल्या सहा मुलांसाठी शोधणं सोपं गेलं. ४१ पैकी १७ पातळी १ आणि २ ची, ६ शब्दांविना चित्रांची. एका पुस्तकाच्या मुद्दाम तीन प्रती घेतल्या, तिघांनी एकत्र बसून वाचावं म्हणून. पुढे कळलं की हा पैसा सगळ्यात कारणी लागला.

दाखल क्रमांकाचा शिक्का पहिल्या दहा पुस्तकांत चित्रावर पडला, एका वाघाच्या बरोबर तोंडावर. शिवाय गुळगुळीत कागदावर शिक्क्याची शाई वाळत नाही, समोरच्या पानावर उमटते. आता शिक्का मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या बाजूला आणि क्रमांक बॉलपेनने.

३ ऑगस्ट, शनिवार

छपाई. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथली मराठी पुस्तकं मुक्त परवान्याखाली आहेत : श्रेय कायम ठेवून उतरवता, छापता, वाटता येतात. फुकट म्हणून २५ छापायची ठरली होती. हिशोब मांडल्यावर १३ वर आलो.

हिशोब असा. १६ पानांचं पुस्तक, ए-फोर कागदाच्या एका बाजूला दोन पानं, पाठपोट : कागद ४, बाजू ८. तालुक्याच्या ठिकाणी रंगीत छपाई बाजूला ८ रुपये, म्हणजे पुस्तक ६४ रुपयांना. बाजारात छापील प्रत मिळत असेल तर तीच टिकाऊ आणि जवळजवळ त्याच भावात. काळी-पांढरी बाजू २ रुपये, म्हणजे १६ रुपयांत पुस्तक. म्हणून रंगीत फक्त ४, तीही छापील न मिळणारी. रेषाचित्रांची ९ काळी-पांढरी. २५६ + १४४ = ४०० रुपये. मुलांनी काळ्या-पांढऱ्यांतली तीन रंगवून टाकली. ती थांबवली नाहीत.

काय काय बिघडलं :

पहिली प्रत ७० जीएसएम, म्हणजे पातळ, कागदावर. मागच्या पानाचा वाघ पुढच्या पानाच्या अक्षरांत दिसतो. १०० जीएसएम घ्या.

दुसऱ्या प्रतीत पानांचा क्रम गेला. या पीडीएफची पानं बहुधा आडवी असतात, त्यामुळे उभ्या कागदावर एकाखाली एक दोन बसतात आणि मधोमध कापून घ्यावी लागतात. सरळ क्रमाने पाठपोट छापलं तर पुढे १ आणि २, मागे ३ आणि ४ येतात. कापल्यावर १ च्या पाठीवर ३. म्हणून छपाईच्या खिडकीत पानांचा क्रम हाताने असा द्यायचा : १,३,२,४,५,७,६,८, पुढे ९,११,१०,१२,१३,१५,१४,१६. कागद लांब कडेवर उलटायचा. आता कापल्यावर वरच्या अर्ध्यात १-२, खालच्यात ३-४ बरोबर येतात. पूर्ण गठ्ठा छापण्याआधी एकच कागद छापून, कापून पाहा.

तिसऱ्यांदा शिलाईने अक्षरं खाल्ली. कापलेली सुटी पानं मधून शिवता येत नाहीत, डाव्या कडेला शिवावी लागतात आणि तिथे दीड सेंटिमीटर जातो. छापतानाच पान ९० टक्क्यांवर आणून उजवीकडे सरकवायचं. वर कण्याला कापडाची पट्टी.

या बिघाडांतला पहिल्या दोन प्रतींचा खर्च ४०० मध्ये धरलेला नाही. छपाईवाल्याने तो घेतला नाही, ही त्याची कृपा.

१२ ऑगस्ट

पुस्तकांची तोंडं दिसतील अशी मांडणी. कपाटात कणे दिसतात, आणि पातळ बालपुस्तकाला कणाच नसतो. म्हणून सगळा खटाटोप.

आधी केलेले दोन स्वस्त प्रयोग :

नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे चिमटे, ६० रुपयांत. चिमट्याचा दात मुखपृष्ठावर उमटतो. मुलं चिमटा न उघडता पुस्तक ओढतात. दोन दिवसांत तीन मुखपृष्ठं फाटली. दोरी आता मुलांच्या चित्रांसाठी.

चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून, दोन पन्हळी भिंतीला ठोकल्या. पाइप शाळेतच पडून होता. दिसायला छान, पुस्तकं नीट टेकतात. सहाव्या दिवशी भिंतीला टेकलेल्या मलपृष्ठांवर बुरशी. देशावरच्या कोरड्या भिंतीवर ही युक्ती चालेल, जांभ्यावर पावसाळ्यात नाही.

शेवटी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड, ३,२०० रुपये, रंगासह. रुंदी ४ फूट, चार रांगा, दोन रांगांत २८ सेंटिमीटर. एका रांगेत सहा पुस्तकं दर्शनी, एकूण २४. सगळ्यात वरची रांग मुलांच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर जाऊ दिली नाही. भिंतीपासून एक वीत लांब.

२० ऑगस्ट

स्टँड आला आणि तीन दोष निघाले. रांगा सरळ उभ्या केल्या होत्या, त्यामुळे पंखा लावला की पुस्तकं पुढे पडतात. पुढची पट्टी ३ इंची, तिच्यामागे चित्राचा खालचा भाग झाकला जातो. पातळ पुस्तकं मधून वाकून पट्टीत बसतात.

दोष सांगण्यातला होता. कागदावर ‘पुस्तकांचा स्टँड’ एवढंच लिहून दिलं होतं. एक पुस्तक नेऊन समोर ठेवलं असतं तर वेल्डिंगवाल्यालाच ते दिसलं असतं. ३५० रुपयांत दुरुस्ती : रांगा साधारण १५ अंश मागे कलत्या, पट्टी दीड इंच. वाकणाऱ्या पुस्तकांमागे खोक्याचा पुठ्ठा. त्याच वेळी स्टँड मधून दोन भागांत करून नट-बोल्टने जोडायला सांगितला. ते का बरं झालं ते नोव्हेंबरात कळलं.

बाकीची पुस्तकं भाजीच्या चार क्रेटमध्ये (५६० रुपये), तोंड पुढे करून उभी. मुलं कॅसेट चाळावी तशी चाळतात. त्यांनी कॅसेट पाहिलेली नाही ही गोष्ट वेगळी.

२४ ऑगस्ट, शनिवार

सुरू केलं. एकूण १६८ पुस्तकं तयार, पण बाहेर ९४ च. बाकी कपाटात, दर पंधरवड्याला अदलाबदल.

पातळीप्रमाणे पुस्तकांच्या कोपऱ्यावर रंगीत ठिपके : लाल, पिवळा, निळा, हिरवा.

३१ ऑगस्ट, शनिवार

देवघेव. नऊ रकान्यांची वही केली होती. ३१ मुलांना २५ मिनिटं, दाराशी रांग, आणि तारीख-क्रमांक लिहिण्यात चौथीतल्या दोन मुली दमल्या.

बदल : प्रत्येक पुस्तकात जुन्या लग्नपत्रिकेची एक पट्टी, तिच्यावर नाव आणि क्रमांक. भिंतीवर (म्हणजे भिंतीपुढे टांगलेल्या पोत्यावर) ३१ खिसे, प्रत्येकावर मुलाचं नाव. पुस्तक नेलं की पट्टी आपल्या खिशात. आणलं की पट्टी परत पुस्तकात. लिहायचं काहीच नाही. आता चार मिनिटं लागतात आणि कुणाकडे काय आहे ते लांबूनही दिसतं. आठवड्यातून एकदा शिक्षकाने खिशांवरून वहीत उतरवायचं.

४ सप्टेंबर

ठिपके खरवडून काढले. अकरा दिवसांत मुलांनी रंगांचे दर्जे लावले. ‘तू अजून लालच?’ असं मधल्या सुट्टीत ऐकू आलं. लाल पुस्तकं हवी असलेली मुलं हिरवी घेऊन नुसती बसत होती.

पातळी आता मलपृष्ठाच्या आत, पेन्सिलीने, एका बिंदूपासून चार बिंदूंपर्यंत, शिक्षकापुरती. मांडणी विषयाने : भ्यायचं, हसायचं, प्राणी, यंत्रं, कोडी, खाणंपिणं. ‘भ्यायचं’ या क्रेटमध्ये चारही पातळ्यांची पुस्तकं एकत्र आहेत. तिथून पातळ पुस्तक उचलताना कुणी लाजत नाही.

मोठी ठिगळं न पडता ठिपके काढायचे तर आधी केस वाळवायच्या यंत्राने गरम करा. ते नव्हतं, म्हणून २२ मुखपृष्ठांवर पांढरे डाग राहिले.

१८ सप्टेंबर

चतुर्थीची सुट्टी संपून मुलं आली. सुट्टीत २९ पुस्तकं घरी गेली होती. परत २६. त्यातली ५ भिजलेली.

भिजलेलं पुस्तक जोरात उघडू नका. साध्या कागदाचं असेल तर दर आठ-दहा पानांत वर्तमानपत्राचा तुकडा, दर दोन-तीन तासांनी बदलायचा, पंख्याखाली. जवळजवळ वाळलं की वजनाखाली. गुळगुळीत कागदाचं असेल तर ओलं असतानाच प्रत्येक पान सुटं करून मध्ये प्लॅस्टिक घाला. वाळू दिलं की पानं एकमेकांना धरतात आणि सोडवताना चित्र निघून येतं. पाचांतली तीन वाचली. गेलेली दोन्ही गुळगुळीत कागदाची, नवी.

यानंतर कपड्याच्या दुकानात मिळतात तसल्या ४० जाड प्लॅस्टिक पिशव्या, २४० रुपये. पुस्तक पिशवीशिवाय घरी जात नाही. मात्र शाळेत ठेवताना पिशवीतून काढूनच ठेवायचं. पहिल्या आठवड्यात पिशवीतच राहिलेल्या दोन पुस्तकांना आतून बुरशी आली. याच कारणाने मुखपृष्ठांना चिकटं प्लॅस्टिक कव्हर घातलेलं नाही.

५ ऑक्टोबर

सहा आठवड्यांच्या नोंदी मोजल्या. एकूण ३१७ वेळा पुस्तकं नेली गेली. क्रेटप्रमाणे : भ्यायचं ८८, कोडी आणि ‘किशोर’ ७१, प्राणी ६०, हसायचं ५२, यंत्रं २७, खाणंपिणं १९.

बाहेर ठेवलेल्यांपैकी २३ पुस्तकं एकदाही उचलली गेली नाहीत. त्यात जुन्या ठेवलेल्यांतल्या संस्कारकथा १२. सोडवलेल्या कोड्यांच्या ‘किशोर’ अंकांबद्दल वाटलेली भीती फोल ठरली. आधीच्या कुणी चुकीचं सोडवलंय का, हे शोधणं हाच खेळ झाला.

यावरून दुसरी खरेदी : २२ पुस्तकं, १,४८० रुपये. यंत्रांची पुस्तकं कमी नेली गेली कारण ती चारच होती. म्हणून पाच नवी यंत्रांची. आकडे वाचताना एवढं भान ठेवा.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. त्या निमित्ताने घरी बनवलेली पुस्तकं. घरातल्या आजी-आजोबांकडून एक गजाल (गप्पांतली गोष्ट) ऐकायची, सांगितली तशीच मालवणीत लिहायची, आठ पानं, चित्रं स्वतःची. अकरा पुस्तकं तयार झाली.

पहिल्या मसुद्यात मुलांनी आपणहून प्रमाण मराठी केली आणि गोष्टी मेल्या. पुन्हा लिहायला सांगितलं, बोलण्यातलं बोलण्यासारखंच. व्याकरण तपासलं नाही. फक्त शब्द तोडण्याच्या जागा नीट केल्या.

दाखल क्रमांक यांनाही दिले. आठ दिवसांत ‘भ्यायचं’ या क्रेटपेक्षा जास्त मागणी, दारात ‘माका व्हया’ (मला हवं). देवचाराचं (गावाच्या राखणदार भुताचं) एक पुस्तक एका दिवसात चौघांनी वाचलं. खर्च शून्य.

१८ ते २२ नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान २० तारखेला, शाळा हे मतदान केंद्र, वर्ग रिकामा करायचा. नट-बोल्ट असल्यामुळे स्टँड वीस मिनिटांत सुटला. क्रेट उचलून दुसऱ्या खोलीत. चूक : खिशांचं पोतं गुंडाळून ठेवलं आणि १७ पट्ट्या खाली पडल्या. कुणाकडे काय आहे ते मुलांच्या आठवणीवरून लावायला एक तास गेला. पोतं आता उभंच, दोन खिळ्यांवर दुसऱ्या भिंतीपुढे हलवायचं.

७ डिसेंबर, शनिवार

मोजणी. नोंदींप्रमाणे २०१ (जुनी १००, संचातली १४, पहिली खरेदी ४१, दुसरी २२, छापलेली १३, मुलांची ११). हरवली ७, भिजून गेली २. हातात १९२. हरवलेल्यांत चतुर्थीला गेलेली ३ आहेतच. पावती, दंड काही नाही. दंड लावला की पुस्तक हरवत नाही, घरी जायचंच थांबतं.

खर्च : स्टँड ३,२००, दुरुस्ती ३५०, संच १,८००, पुस्तकं २,८७० आणि १,४८०, छपाई ४००, बाइंडिंग ३८०, क्रेट ५६०, पिशव्या २४०, टेम्पो ३००, दोरी-चिमटे ६०. एकूण ११,६४०. १४० रुपये वर गेले. संचातल्या वाया गेलेल्या ४६ पुस्तिकांचे १,३८० वाचले असते तर आणखी एकोणीस-वीस चांगली पुस्तकं आली असती.

अक्षरापर्यंतच्या तीन मुलांपैकी दोघं शब्दांविना चित्रांची पुस्तकं घरी नेतात आणि आल्यावर गोष्ट सांगतात. तिसरा अजून पुस्तक नेत नाही. त्याचा खिसा ऑगस्टपासून रिकामा आहे, पण मधल्या सुट्टीत तो जेसीबीचं पुस्तक उघडून बसतो आणि त्याच्या शेजारी बसून वाचायला दुसरं कुणीतरी लागतं. पुढच्या खेपेला त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मागवायची आहे.